पात्याची पारख

रानांत जाणाऱ्यानें बरोबर कोणती सुरी न्यावी, असा प्रश्न शहरांतील तरुण आतां वारंवार विचारतात. बाजारांत दुकानदार चकाकीकडे बोट दाखवितो, आणि आपणही चकाकीलाच गुण समजून पैसे मोजतों. प्रश्न मात्र नवा नाहीं. वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या अरण्यांत तो फार प्राचीन काळापासून विचारला जात आहे, आणि त्याचें उत्तर तेथील लोखंडाच्या इतिहासांत आहे. तो इतिहास समजला, कीं पात्याची पारखही समजूं लागते.

ज्याला पूर्वीं चांदा म्हणत, त्या जिल्ह्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. या टापूंत लोहारा, पिंपळगांव, देवळगांव, सुरजागड अशा ठिकाणीं उत्तम लोहखनिज आहे. विदर्भांत लोखंड गाळण्याची विद्या किती जुनी, हें नागपूर जिल्ह्यांतील नायकुंडच्या उत्खननानें दाखविलें. तेथें पेंच नदीच्या कांठीं इसवी सनापूर्वीं सुमारें ७०० या काळांतील लोखंडाची भट्टी सांपडली. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळांत मृतांबरोबर पुरलेल्या कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर मिळाले. चांद्याच्या गोंडांची आख्यायिका अशी, कीं कोल भिल्ल नांवाच्या पुरुषानें विखुरलेल्या गोंडांस एकत्र केलें आणि दगडांतून लोखंड काढावयास शिकविलें. ऐक्य आणि लोखंड या दोहोंचें श्रेय त्या लोकांनीं एकाच पुरुषास दिलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

हें लोखंड तयार कसें होई? मातीची लहानशी भट्टी, तींत लोणारी कोळसा आणि फोडलेलें खनिज यांचे थर, आणि तासन् तास चालणारा भाता, एवढाच सरंजाम. त्या उष्णतेंत लोखंड वितळत नसे. मळी वितळून वाहून जाई आणि सच्छिद्र गोळा मागें राही. तो घणानें ठोकून ठोकून उरलेली मळी काढीत. असें लोखंड शुद्ध, पण मऊ. त्याची सुरी केली तर ती वांकते आणि धार टिकत नाहीं. कोळशाचा अंश लोखंडांत मुरला म्हणजे पोलाद होतें, आणि पोलादालाच पाणी देतां येतें. लालबुंद पातें एकदम पाण्यांत बुडविलें, कीं तें कठीण होतें. पण कांचेसारखें ठिसूळही होतें. म्हणून त्याला पुन्हां मंद ऊब द्यावी लागते. तेव्हां घांसून उजळलेल्या पात्यावर वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढूं लागतो. कोणत्या रंगावर थांबावें, हें ओळखणें हीच लोहाराची खरी विद्या.

ही भट्टी विझली कशी? १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली आणि विलायती लोखंड स्वस्तांत येऊं लागलें. १८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलांवर सरकारी नियंत्रण बसलें. कोळशासाठीं लाकूड मिळणें अवघड झालें. खनिज जागच्या जागीं राहिलें, गाळणारे हात मात्र थांबले.

याच खनिजानें जमशेटजी टाटांनाही ओढ लावली. १८८२ सालीं फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यावरील अहवाल त्यांच्या वाचनांत आला. त्यांनीं वरोऱ्याचा दगडी कोळसा जर्मनींत तपासून घेतला. तो या कामीं निरुपयोगी ठरला, आणि सरकारी अटीही जाचक होत्या. पुढें १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा व वेल्ड नांवाचे अमेरिकन तज्ज्ञ यांनीं चांद्याचीं रानें पुन्हां धुंडाळलीं. मोठ्या कारखान्यास पुरेल अशी सोय तेथें दिसली नाहीं. त्या सुमारास नागपुरांत एका अधिकाऱ्याची वाट पाहतांना दोराबजी समोरच्या संग्रहालयांत गेले. तेथील नकाशांत त्यांना दुर्ग जिल्ह्यांतील लोहखनिजाची खूण दिसली. शोध पूर्वेकडे वळला. १९०७ सालीं कंपनी निघाली, आणि १९१२ सालीं साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, पोलादाचा पहिला ठोकळा तयार झाला.

आतां सुरजागडचें खनिज खाणींतून निघून ट्रकांनीं दूर जातें. गांवचा लोहार खनिज गाळीत नाहीं. मोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा तापवून तो कोयते व सुऱ्या घडवितो. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. कमानीचें पोलाद लवचिक असून त्याला पाणी चांगलें चढतें. गाळण्याची विद्या गेली. पाणी देण्याची अजून आहे, आणि ती टिकणें न टिकणें गिऱ्हाइकाच्या पारखीवर अवलंबून आहे.

ती पारख अशी करावी. प्रथम काम ठरवावें. बांबू तोडावयाचा तर कोयता हवा, लाकूड फोडावयाचें तर कुऱ्हाड. दोर कापणें, काटकी तासणें, फळ चिरणें यांस चार-पांच इंचांचें पातें पुरे. पाठ सुमारें एक सूत जाड असावी. मिटणारा चाकू खिशांत सोयीचा, पण त्याची खीळ हाच त्याचा दुबळा सांधा. जोर पडला कीं ती ढिली होते आणि मातीनें अडते. म्हणून रानासाठीं अखंड पात्याची सुरी घ्यावी, आणि तें पातें मुठीच्या टोंकापर्यंत गेलेलें असावें. धारेवर कानस हलकेच फिरवावी. ती खोल रुतली तर पाणी कमी, नुसती घसरली तर पातें ठिसूळ असण्याचा संभव. जेमतेम पकडली तर बरें. पाठ डोळ्यासमोर धरून पातें सरळ आहे कीं नाहीं, तें पाहावें. मूठ धावड्याची किंवा तिवसाची असली तर उत्तम. ओल्या हातांतून निसटणारी गुळगुळीत मूठ मात्र नको. साध्या पोलादाला गंज चढतो, म्हणून पावसाळ्यांत तेलाचा हात फिरवावा आणि सुरी चामड्याच्या ओल्या म्यानांत ठेवूं नये. न गंजणारें पोलाद सांभाळावयास सोपें. पण त्याचेंही पाणी नीट नसेल तर चकाकी तेवढी राहते आणि धार जाते.

कायद्याचेंही भान असावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें परवानगीवांचून शस्त्र घेऊन अभयारण्यांत शिरतां येत नाहीं. ताडोबास जाणाऱ्यानें सुरी घरींच ठेवावी, हें बरें.

शेवटीं एकच विनंति. सुरी घ्यावयाची तर एकदां लोहाराच्या भात्यापाशीं उभे राहा, आणि पाणी कसें दिलें, तें त्याला विचारा. ज्याला प्रश्न विचारणारें गिऱ्हाईक भेटतें, तो कारागीर आपली विद्या मुलाला शिकवितो. ज्याला केवळ भाव करणारेंच भेटतें, त्याचा मुलगा भात्याजवळ बसत नाहीं.