डब्यावरची चिठ्ठी

१९९९ साली तैवानच्या आर्फिक कंपनीने चार चिनी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. डेबियन लिनक्समध्ये त्यातल्या एका पॅकेजचं नाव होतं 'टीटीएफ-आर्फिक-जीबीएसएन००एलपी'. आता यावरून कुणाला काय कळणार? म्हणून खरं काम वर्णनाचं. नुसतं 'चिनी फॉन्ट' लिहून भागत नाही. लिपी पारंपरिक की सोपी केलेली, वळण छापील की कुंचल्याचं, अक्षरं किती, हे सांगायलाच हवं. १९८० च्या जीबी २३१२ या चिनी प्रमाण संचात ६,७६३ चित्राक्षरं होती. पण १९९८ साली पंतप्रधान झालेल्या झू रोंगजींच्या नावातलं 'रोंग' त्यात नव्हतं! मग साध्या माणसाच्या नावाची काय कथा? वर्णनात एवढी एक ओळ असली, की आपलं नाव या फॉन्टमध्ये उमटेल का, हे त्याला डबा उघडण्याआधीच कळतं.