ताण्याच्या मापाची गल्ली

नागपूरच्या जुन्या शहरात वस्त्यांची नावे नुसती ऐकली तरी निम्मा इतिहास कळतो. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावे त्या त्या वारच्या बाजारांची. चितार ओळ चिताऱ्यांची, सराफा ओळ सराफांची, मोमिनपुरा मोमीन विणकरांचा. पत्ता सांगितला की माणसाचा धंदाही कळायचा. आज ‘दाट वस्ती’ म्हणून नाके मुरडली जातात ती याच मोहल्ल्यांकडे पाहून. पण ही दाटी उगाच झालेली नाही. तिच्यामागे धंद्याचे गणित होते.

हे गणित समजून घ्यायला भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या मोहाडीपासून सुरुवात केलेली बरी. मोहाडी, आंधळगाव, पवनी ही जिल्ह्यातली जुनी विणकरांची गावे. रेशीमकाठी कापड आणि कोसा ही त्यांची ओळख. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारे कोसाचे कोष ढिवरांनी जपायचे, त्याचे सूत कोष्ट्याच्या घरी यायचे आणि त्यातून करवतीकाठी लुगडे उतरायचे. काठावरच्या करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीवरून हे नाव पडले. मोहाडीचे चौंडेश्वरीचे देऊळ पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. देवांग कोष्टी समाज याच देवीला आपले कुलदैवत मानतो.

मोहाडीचा मोहल्ला असो की नागपूरची तांडापेठ, विणकराच्या घराची रचना थोड्याफार फरकाने सारखीच. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसलेला. उजेड दारातून येणार, म्हणून माग दाराजवळ. चूल आणि झोपणे मागच्या खोलीत. घरच्या बाया रहाटावर कांड्या भरणार, म्हातारी माणसे सुताच्या गुंड्या सोडवणार, पोरे हाताशी. मजुरी एकाच्या नावावर मिळायची, राबायचे मात्र सगळे घर.

एवढ्या घरात लांबलचक ताणा कुठे मावणार? म्हणून तो गल्लीत यायचा. पहाटे ऊन चढण्याआधी गल्लीभर सूत ताणायचे, त्याला खळ लावायची, कुंच्याने सारखे करायचे. या कामाला चार हात पुरत नाहीत, शेजाऱ्याचे हात लागतातच. म्हणजे गल्ली ही नुसती जाण-येण करण्याची वाट नव्हती. तो सगळ्यांचा मिळून एक कारखाना होता. एखाद्या घरातला धोट्याचा आवाज थांबला की शेजारी विचारायला येत, कारण माग बंद म्हणजे एक तर आजारपण, नाही तर सूत संपलेले. अशा वस्तीत खासगीपण थोडेच मिळते, आणि उपाशी राहिलेले घरही फार काळ लपत नाही.

गोंड राजा बख्त बुलंदने १७०२च्या सुमारास नागपूर वसवले. पुढे भोसल्यांची राजधानी झाल्यावर भारी कापडाला गिऱ्हाईक मिळाले. नागपूर-उमरेडची रेशीमकाठी धोतरे पार पुण्यापर्यंत जात. १८५३मध्ये तिसरे रघुजी वारले आणि दुसऱ्याच वर्षी राज्य खालसा झाले. दरबार गेला, त्याच्यासोबत मोठे गिऱ्हाईक गेले. १८६७मध्ये रेल्वे आली आणि विलायती कापड थेट बाजारात उतरले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाजवळ सुरू झाली. या गिरणीने विणकराची बाजारपेठ ओढली हे खरे. पण हातमागाला सूतही तिनेच पुरवले, आणि माग सोडलेल्यांना पाळीचे कामही तिनेच दिले. घराचा माग आणि गिरणीचा भोंगा एकाच वस्तीत नांदू लागले.

या वस्त्यांना स्वतःचा आवाजही होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची मानली जाते. रोगराई, महागाई आणि नको असलेले सत्ताधीश यांची सोंगे करून गल्लीतली माणसे त्यांना गावाबाहेर हाकलतात. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाची. ज्यांना दरबारात जागा नव्हती, त्यांनी रस्त्यावर आपले म्हणणे मांडले.

शहर सुधारायला निघालेल्या माणसाला या गल्लीत मुख्यतः अडचण दिसते. १९३६च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. रस्ते रुंद झाले, नवे लेआऊट पडले. नाल्या, उजेड, आग विझवणाऱ्या बंबाला वाट, ही गरज खरीच होती. कोंदट खोलीत खोकत विणणाऱ्याला तुमची वस्ती फार रम्य आहे असे सांगणे ही थट्टाच. पण घराचे मोजमाप फक्त चौरस फुटात झाले की माग, रहाट आणि गल्लीतला ताणा हिशेबात येतच नाहीत. विणकराला गावाबाहेर मोठे घर दिले आणि ताणा धरणारे शेजारी दिले नाहीत, तर त्याचा धंदा मोडतो.

फ्रान्समधल्या लिऑन शहरात क्रुआ-रूस नावाची रेशीम विणकरांची टेकडी आहे. उंच मागांसाठी तिथली घरे उंच छताची, मोठ्या खिडक्यांची बांधली गेली. त्या टेकडीचा उतार १९९८पासून जागतिक वारसा यादीत आहे. घरे वाचली, पण बहुतेक माग गेले. आपल्याकडे दोन्ही जाताहेत. एम्प्रेस मिल २००२मध्ये कायमची बंद झाली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. करवतीकाठी कापडाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकन कापडाला मिळते, ते विणणाऱ्याच्या पुढच्या खोलीला मिळत नाही.

डिसेंबर २०२२पासून मेट्रो जुन्या शहराच्या कडेने धावते. तिच्या एका स्थानकाचे नाव चितार ओळ चौक आहे. नाव राखले हे चांगलेच झाले. पण मोहाडीत काय अन् नागपुरात काय, मोहल्ल्याचा नवा नकाशा आखायला बसणाऱ्याने एकदा पहाटे गल्लीत उभे राहावे आणि विचारावे, की इथे ताणा कोण धरतो? उत्तरादाखल दोन-चार हात अजून वर होत असतील, तर नकाशा त्यांना विचारून आखला पाहिजे.