एकट्या मातेचा संसार आणि मजुरीची मुदत

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी ही मराठी व कानडी भाषांच्या सीमेवरील, लोहमार्गालगतची धान्यपेठ होय. पेठेत धान्याच्या राशी पडत असल्या, तरी भोवतालच्या अवर्षणग्रस्त प्रदेशातील भूमिहीन विधवेच्या वा परित्यक्तेच्या घरी ज्वारी येई ती मजुरीच्या बेतानेच. अशा संसाराचा मेळ मजुरी किती मिळते यावर जितका, तितकाच ती केव्हा हाती पडते यावर अवलंबून असतो. विलंब झाला की उधारी वाढते. दुसरा कमावता हात नसल्याने पुढील मजुरी आधीच खर्ची पडते.

या दृष्टीने रोजगार हमी योजनेचे ऐतिहासिक महत्त्व तपासले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात तिचा विस्तार झाला; १९७७ चा अधिनियम १९७९ मध्ये अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता, तसेच स्त्रीपुरुषांस समान दर, ही तिची तत्त्वे. परंतु मजुरी कामाच्या मोजमापावर ठरे. मोजमाप लांबले की समान दरही एकट्या मातेची चूल वेळेवर पेटवू शकत नसे. सारांश, दराइतकीच मुदतही हक्काचा भाग मानली पाहिजे.