मालक नसलेला सामुराई

सामुराई म्हटलं की मालकासाठी जीव देणारा योद्धा आठवतो. पण मालकच मेला तर? स्टॅन साकाईच्या 'उसागी योजिम्बो' या कॉमिकचा नायक, मियामोतो उसागी नावाचा ससा, नेमका हाच प्रश्न घेऊन गावोगाव हिंडतो. मालिका १९८४ साली सुरू झाली आणि २०२४ मध्येही नवे अंक निघत होते!

काळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावांनी हरलेल्या सरदारांच्या जहागिऱ्या काढून घेतल्या आणि हजारो सामुराई बेकार झाले. हेच ते रोनिन. गंमत म्हणजे मालकनिष्ठेचं प्रसिद्ध पुस्तक 'हागाकुरे' १७१६ च्या सुमारास पुरं झालं, म्हणजे मोठ्या लढाया थांबून शतक उलटल्यावर.

माझी सगळ्यात आवडती कथा 'ग्रासकटर'. तिला १९९९ चं आयस्नर पारितोषिक मिळालं. ११८५ च्या दान-नो-उराच्या लढाईत समुद्रात बुडालेली सम्राटांची पवित्र तलवार उसागीच्या हाती लागते. चुकीच्या माणसाकडे गेली तर शोगुनविरुद्ध युद्धच पेटेल, आणि त्यात मरणार गरीब शेतकरी. म्हणून उसागी आणि त्याचे सोबती ती गुपचूप आत्सुता देवस्थानात पोचवायला निघतात. हुकूम द्यायला मालक नाही, शाबासकीही मिळणार नाही. निष्ठेचं काय करायचं, हे इथे उसागीने स्वतःच ठरवलंय.

आणि हो, ती तलवार नागोयाच्या आत्सुता देवस्थानात आहे असं आजही मानतात. फक्त ती कुणाला दाखवत नाहीत.