खुळा बाप आणि एका पगाराचे घर

विदूषकाची परंपरा आपणांस नवी नाही. परंतु संस्कृत नाटकातील विदूषक हा राजाचा सोबती असतो, घरधनी नसतो. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झालेल्या ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेत मात्र कुटुंबाचा कर्ताच विदूषक झाला आहे. होमर सिम्पसन हा आळशी, खादाड, विसराळू व उतावळा गृहस्थ. पित्याच्या अधिकाराचा ऱ्हास एवढाच त्याचा अर्थ लावणे अपुरे होय. होमरचे ऐतिहासिक महत्त्व समजून घ्यावयाचे, तर त्याच्या अकलेपेक्षा त्याच्या पगाराकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हा खुळा कर्ता होमरबरोबर जन्मास आला नाही. ‘द लाइफ ऑफ रायली’मधील (नभोवाणीवर १९४४ पासून, दूरचित्रवाणीवर १९४९ पासून) चेस्टर रायली विमानांच्या कारखान्यात कामगार होता. ‘द हनीमूनर्स’मधील (१९५५–५६) राल्फ क्रॅमडेन न्यूयॉर्क शहरात बस चालवीत असे. ‘द फ्लिंटस्टोन्स’ (१९६०–६६) या व्यंगचित्र-मालिकेतील फ्रेड दगडाच्या खाणीत राबत असे. तिघेही वारंवार फजित पावत. याच सुमारास ‘फादर नोज बेस्ट’मधील (दूरचित्रवाणीवर १९५४–६०) विमा-व्यवसायातील जिम अँडरसन मुलांस शांतपणे मार्ग दाखवीत होता. रिचर्ड बुट्श या अभ्यासकाने अनेक दशकांच्या मालिका तपासून ही विभागणी दाखवून दिली आहे : विवेक पांढरपेशा पित्याच्या वाट्यास, फजिती श्रमिकाच्या. श्रमिकाचे दारिद्र्य हा जणू त्याच्या स्वभावाचाच दोष, असा ध्वनी या विनोदातून निघतो.

होमर याच वंशातील. एप्रिल १९८७ मध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’ या कार्यक्रमातील छोट्या व्यंगचित्रपटांतून तो प्रथम दिसला. निर्माते मॅट ग्रोनिंग यांनी त्यास आपल्या वडिलांचे नाव दिले. १९९० मध्ये फॉक्सने ही मालिका गुरुवारी रात्री ‘द कॉस्बी शो’च्या समोर आणून बसविली, तेव्हा ती जुनी विभागणी दोन वाहिन्यांवर एकाच वेळी दिसू लागली : तिकडे सुविद्य डॉक्टर पिता, इकडे अणुवीज केंद्रातील होमर.

तथापि होमरच्या बाबतीत एक नवी गोष्ट घडली. त्याच्या फजितीचे कारण मालिका पुष्कळदा त्याच्या स्वभावाबाहेर दाखविते. पहिल्याच भागात मालक नाताळचा बोनस रद्द करतो. होमर ही गोष्ट घरी लपवितो, सांताक्लॉजचे सोंग घेऊन तुटपुंजी मजुरी मिळवितो, ती कुत्र्यांच्या शर्यतीत गमावितो आणि हरलेला कुत्राच घरी आणतो. १९९५ मधील एका भागात आवडीचे काम सोडून, तिसऱ्या अपत्यासाठी तो जुन्या नोकरीवर परततो. येथून सुटका नाही, अशा अर्थाची पाटी मालक त्याच्या समोर ठोकतो. होमर तान्ह्या मुलीची छायाचित्रे त्या पाटीवर अशी चिकटवितो की, उरलेल्या अक्षरांतून तिच्यासाठी राबण्याचा संकल्प वाचता यावा. खुळेपणा आहेच; पण त्याखाली कर्तव्य आहे.

२७ जानेवारी १९९२ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी अमेरिकी कुटुंबे सिम्पसनांपेक्षा वॉल्टनांसारखी व्हावीत, अशी इच्छा व्यक्त केली. वॉल्टन हे १९३० नंतरच्या महामंदीतील एका दूरचित्रवाणी-मालिकेतील सद्गुणी कुटुंब. काही दिवसांतच सिम्पसनांच्या बार्टने पडद्यावरून उत्तर दिले : आम्हीही त्यांच्यासारखेच मंदी संपण्याची प्रार्थना करीत आहोत. प्रश्न नीतीचा विचारला गेला; उत्तर अर्थव्यवहाराचे मिळाले.

आता घराचा विचार करू. माध्यमिक शिक्षणापलीकडे न गेलेला एक माणूस एका पगारावर पत्नी, तीन मुले, दुमजली घर व दोन मोटारी सांभाळतो. ४ मे १९९७ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात फ्रँक ग्राइम्स हा कष्टाळू सहकारी हे घर पाहून थक्क होतो. जन्मभर खपून त्यास असे काहीच लाभले नाही. त्याच्या संतापाचा शेवट मृत्यूत होतो. मालिकेचे उत्तर १९९२ च्याच एका भागात होते : हे घर घेण्यासाठी होमरच्या वडिलांनी स्वतःचे घर विकले होते, आणि पुढे त्यांची रवानगी वृद्धाश्रमात झाली. म्हणजे होमरच्या सुखवस्तुपणाचा पाया मागील पिढीच्या मिळकतीत आहे.

पुढे काळ बदलला, होमरचे वय मात्र बदलले नाही. मे २०२२ मधील एका भागात बार्टला वडिलांचीच नोकरी करावीशी वाटते, तेव्हा केंद्रातील झाडूवाला त्यास गाण्यातून समजावितो की, तसे जीवन देणारा मध्यमवर्ग आता उरलेला नाही.

सारांश, १९५० च्या दशकात ज्या श्रमिक पित्याला प्रेक्षक वरून खाली पाहून हसत असे, त्याच्याच वंशजाच्या घराकडे नंतरच्या तरुण प्रेक्षकास मान वर करून पाहावे लागले. पात्राच्या अकलेत वाढ झाली नाही. ज्या पगारामुळे त्याचे खुळेपण घरच्यांस परवडत होते, तो पगारच दुर्मिळ झाला. विनोदी वाङ्मयाच्या अभ्यासकाने कोण हसला, यासोबतच कोणत्या मिळकतीवर उभा राहून हसला, हेही तपासावे, असा याचा निष्कर्ष होय.