चोरखिसा

जीन्सच्या उजव्या खिशाच्या तोंडाशी आणखी एक चिमुकला खिसा असतो. त्यात नाणं टाकलं तर बोटांनी निघत नाही आणि मोबाइल तर मावतच नाही. तो कशासाठी असतो हे मला पंचविशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खालापूरच्या घरी माळा साफ करताना आजोबांचं साखळीचं घड्याळ सापडलं, तेव्हा सहज त्या खिशात सरकवून पाहिलं. थोडं वर डोकावत होतं, पण बसलं.

बसणारच होतं. तो खिसा घड्याळासाठीच आहे. लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली तांब्याच्या रिव्हेटवाल्या पँटचं पेटंट घेतलं, तेव्हाच्या पँटलाही घड्याळाचा खिसा होता. आणि ती पँट साहेबांसाठी नव्हती, अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांसाठी होती.

मी ते घड्याळ टी-शर्ट आणि जीन्सवर वापरायला लागलो. कर्जत लोकलमध्ये मित्रांनी विचारलं, "लग्नाला निघालास की नाटकात काम मिळालं?" खिशातलं घड्याळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाकीट, काळा कोट, पगडी आणि पोटावरून गेलेली सोन्याची साखळी येते. जुन्या फोटोंतले वकील आणि रावबहादूर तसेच बसलेले असतात. साध्या कपड्यांवर ते घड्याळ म्हणजे उसनी ऐट, असं मलाही वाटत होतं.

पण या घड्याळाचा आपल्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध मालक कोट घालत नव्हता. गांधीजींचं घड्याळ कमरेला, पंचाला अडकवलेलं असायचं. त्यांच्याकडचं इंगरसॉल हे त्या काळात स्वस्तातलं म्हणूनच ओळखलं जायचं. आपल्याकडे पैसे कनवटीला लावायची रीत होतीच. तिथेच घड्याळही गेलं.

त्याआधी या भागात वेळ कशी मोजत होते? दिवस आणि रात्र मिळून साठ घटका, एक घटका चोवीस मिनिटांची. 'घड्याळ' हा शब्दही त्या 'घटिके'च्याच घरातला. मिनिटाची गरज रेल्वेने आणली. १८५३ साली मुंबई–ठाणे गाडी सुरू झाली आणि तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ खोपोलीपर्यंत आले. पुढे घाट. तो फोडायला आणखी सात वर्षं लागली. १८६१ च्या सुमारास बोरघाटाच्या कामावर चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. मजुरीवरून १८५९ मध्ये तिथे दंगाही झाला होता. अखेर १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली.

गाडी आली आणि प्रश्न पडला: वाजले किती? मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वेने पुढे देशभर मद्रासची वेळ धरली, म्हणजे मुंबईपेक्षा अर्धा तास पुढची. १८८१ मध्ये सरकारने मुंबईतही मद्रासची वेळ लागू करून पाहिली, पण लोकांच्या विरोधामुळे माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून आजची प्रमाणवेळ आली, मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. संगणकाच्या टाइमझोनच्या यादीत भारताची १९०६ आधीची वेळ आजही ५ तास २१ मिनिटं १० सेकंद अशी आहे. ती मद्रासची. मुंबईची वेळ त्या यादीत नाही. मुंबई महापालिकेने मात्र ती पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती.

याच जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद केलं आणि गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. काटे पुढे सरकवले की कामगाराला तितकं लवकर, अंधारात उठावं लागणार होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. आपल्या हातात घड्याळ नाही आणि गिरणीचं घड्याळ आपलं नाही, हे त्या दगडांमागचं साधं गणित होतं.

ही तक्रार फक्त इथली नव्हती. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या एका निबंधात ब्रिटनमधल्या गिरण्यांबद्दल लिहिलं आहे: सकाळी काटे पुढे, संध्याकाळी मागे, आणि कामगाराने स्वतःजवळ घड्याळ बाळगणं मालकाला खपत नसे.

हे वाचल्यावर मी आजोबांच्या घड्याळाकडे नीट पाहिलं. आमच्या घरात सांगितलं जायचं की ते कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलं. आजोबा खोपोलीच्या एका कारखान्यात होते. मी मागचं झाकण उघडलं. भेटीच्या घड्याळावर नाव, तारीख, काहीतरी कोरलेलं असतं. इथे काहीच नव्हतं. शेवटी आजीला विचारलं.

"कंपनी कशाला देतेय?" आजी म्हणाली. "मुंबईहून जुनं घेतलं होतं त्यांनी. मला सांगितलंसुद्धा नाही आधी."

"मग सगळ्यांना कंपनीने दिलं असं का सांगायचे?"

"नंतर सांगायला लागले. नोकरीत असताना तर कुणाला दाखवतसुद्धा नव्हते. खाकी पँटला आतून चोरखिसा शिवून दिला होता मी. त्यात ठेवायचे."

कारण होतं भोंगा. सकाळचा भोंगा वेळेवर व्हायचा, सुटायचा मात्र पाच-दहा मिनिटं उशिरा, असा आजोबांना संशय होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती आणि ठरल्यापेक्षा जास्त कामाला दुप्पट मजुरी सांगितली होती. म्हणजे त्या दहा मिनिटांना किंमत होती. मनगटी घड्याळ लगेच दिसलं असतं. खिशातल्या घड्याळांची तोवर फॅशन गेली होती, त्यामुळे जुनं स्वस्तात मिळालं असावं.

"मग काय निघालं? भोंगा उशिरा व्हायचा?"

"व्हायचा. लिहून ठेवायचे रोज. कॅलेंडरच्या मागे."

"मग तक्रार केली?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. "तुझा बाप शाळेत होता रे तेव्हा," एवढंच म्हणाली.

मला इथे थांबता आलं असतं. पण गेल्या वर्षी मी एका क्लायंटसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. कामगार बोटाचा ठसा देतो, वेळ नोंदली जाते आणि पगारासाठी ती पंधरा मिनिटांवर आणली जाते. येताना पुढे, जाताना मागे. ८ वाजून २ मिनिटांनी आलेल्याचे ८.१५ होतात. ५ वाजून १२ मिनिटांनी गेलेल्याचे ५. रिक्वायरमेंटमध्ये तसं लिहिलं होतं. दोन ओळींचं काम, मी दहा मिनिटांत संपवून चहाला गेलो होतो. सकाळी काटे पुढे, संध्याकाळी मागे. मला तेव्हा त्यात काहीच दिसलं नव्हतं.

आजीकडून परतल्यावर मी मीटिंगमध्ये विषय काढला. नियम बदलणार नाही, असं उत्तर आलं. मग मी एवढंच मागितलं की, कामगाराला त्याच्या मोबाइलवर दोन्ही वेळा दिसू द्या, खरी आणि धरलेली. त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. मला वाटतं, फार कुणाचं लक्षही नव्हतं. पुढच्या अपडेटमध्ये ते गेलं. किती जण ते पान उघडतात हे मी पाहिलेलं नाही. मला तो आकडा बघायची भीती वाटते.

घड्याळ अजून वापरतो. दिवसाला चार-पाच मिनिटं मागे पडतं, म्हणून रोज सकाळी चावी देतो आणि मोबाइलवर बघून लावतो. साखळी मात्र काढून ठेवली आहे. नुसतं घड्याळ त्या छोट्या खिशात असतं, वरून टी-शर्ट. लोकलमध्ये आता कुणी काही विचारत नाही, कारण ते दिसतच नाही.