उन्हाळ्यातही लॉन कसं टिकवायचं? पाणी किती लागतं, गवत कोणतं लावायचं?

कोल्हापूर म्हटलं की हिरवागार, पाणीदार जिल्हा डोळ्यांपुढे येतो. पण जिल्हाभर पाऊस सारखा नसतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या शिरोळमध्ये जेमतेम पाचशे. पन्हाळा तालुक्यातलं, वारणेच्या खोऱ्यातलं कोडोली या दोन टोकांच्या मध्ये येतं. पावसाळ्यात इथे गवत आपोआप वाढतं. खरी परीक्षा असते फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत. बंगल्यापुढची हिरवळ असो, शाळेचं मैदान असो की लग्नाचे 'लॉन्स', सगळीकडे प्रश्न एकच असतो: एवढं पाणी आणायचं कुठून?

पाणी नेमकं किती लागतं?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवं गवत दिवसाला साधारण 4 ते 5 मिलिमीटर पाणी वापरतं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर लॉनला रोज 400 ते 500 लिटर पाणी हवं. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज 55 लिटरचा निकष आहे. त्या मापाने हे पाणी सात ते नऊ माणसांचं होतं.

मैदानाचं पाणी कोर्टात का गेलं?

एप्रिल 2016 मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागत होतं. त्याच वेळी आयपीएलच्या मैदानांवर पाणी मारलं जात असल्याबद्दल जनहित याचिका दाखल झाली. 13 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मुंबईत ठरलेला अंतिम सामना शेवटी बंगळुरूला झाला. मैदानासाठी सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरण्याची चर्चाही याच काळात झाली. पिण्याचं पाणी गवताला घालावं का, हा प्रश्न तेव्हापासून दर उन्हाळ्यात नव्याने विचारला जातो.

कोणतं गवत निवडावं?

कोरड्या हवेत सगळ्यात तग धरते ती आपली हरळी, म्हणजेच गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दुर्वा. जगभर हिला बर्म्युडा गवत म्हणतात. उसाच्या फडात शेतकरी जिला वैतागतो, तीच चिवट हरळी लॉनमध्ये गुणी ठरते. तिची खोडं जमिनीवर आणि जमिनीखाली पसरतात, त्यामुळे वरची पाती वाळली तरी मूळ जिवंत राहतं. मात्र तिला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याच्या किंवा भिंतीच्या सावलीत ती विरळ होते. अशा जागी लॉनचा हट्ट न धरता फरशी किंवा सावलीत वाढणारी झाडं बरी.

लागवड कधी आणि कशी?

जून-जुलै हा उत्तम काळ. लव्हाळ्याच्या गाठी आधी खणून काढाव्यात, कारण नंतर त्या निघता निघत नाहीत. जमीन भुसभुशीत करून चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं, पाणी साचू नये म्हणून हलका उतार द्यावा आणि हरळीच्या मुळ्या तीन-चार इंचांवर टोकाव्यात. पावसाच्या पाण्यावरच मुळं धरतात.

रोज थोडं पाणी की क्वचित भरपूर?

रोज शिंपडलेलं पाणी वरच्या वर उडून जातं आणि मुळंही वरच राहतात. त्यापेक्षा काळ्या जमिनीत चार-पाच दिवसांनी, मुरमाड जमिनीत दोन-तीन दिवसांनी, पण वीतभर खोल मुरेल इतकं पाणी द्यावं. वेळ पहाटेची. दुपारी बाष्पीभवन जास्त होतं, तर रात्रभर ओल्या राहिलेल्या पात्यांवर बुरशी येते. काळ्या जमिनीत पाणी हळू मुरतं, म्हणून ते वाहू लागताच थांबावं आणि अर्ध्या तासाने पुन्हा द्यावं. पाणी किती पडलं हे बघायला लॉनवर सरळ काठांचे दोन-तीन रिकामे डबे ठेवून पट्टीने मोजता येतं.

कापणी आणि खत

उन्हाळ्यात गवत दीड ते दोन इंच उंच ठेवावं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. बारीक कापलेलं गवत तिथेच पडू द्यावं, त्याचंच खत होतं. पाणी कमी असताना युरिया टाळावा. त्याने पाती भराभर वाढतात आणि तहानही वाढते.

पाणीच नसेल तर?

पिवळं पडलेलं लॉन मेलेलं असेलच असं नाही. मुरलेली हरळी पाणी तुटलं की झोपी जाते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा 10 मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला हजार लिटर पाणी मिळालं तरी तिच्या मुळ्या तग धरतात. तीन आठवडे लॉन हिरवं ठेवायला याच्या आठ ते दहापट पाणी लागलं असतं. आंघोळीचं पाणीही चालतं, फक्त ते साठवून न ठेवता त्याच दिवशी सोडावं. कपड्यांच्या सोड्याचं खारट पाणी मात्र नको, त्याने जमीन कडक होते.

त्यामुळे नवं लॉन करताना आधी उन्हाळ्यातल्या पाण्याचा अंदाज घ्यावा आणि त्यावरून क्षेत्र ठरवावं. वापरात असलेला अर्धा गुंठा हिरवा राखणं, नुसत्या शोभेच्या दोन गुंठ्यांपेक्षा केव्हाही परवडतं. उरलेलं वाळलं, तर जूनचा पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत वाट बघावी. आठ-पंधरा दिवसांत हरळी पुन्हा फुटते.